खडूच्या टेकडीवरची मेंढरं

इंग्लंडातल्या खडूच्या टेकड्या प्रबोधने सिंगापुरात, तांजोंग पगारच्या ऑफिसातल्या एसीत बसून नांगराखाली घातल्या. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांनी चरून चरून मखमल केलेलं ते गवत. त्याच्या कंपनीने ते विकत घेऊन उखडलं. व्हिडिओ कॉलवर म्हातारा मेंढपाळ रडला नाही. एवढंच म्हणाला, "मेंढरं चरायला कुठंतरी जाणारच, साहेब."

प्रबोध फिदीफिदी हसला.

आठवड्याभरात सेंगकांगमधल्या घरी, चौदाव्या मजल्यावर, त्याची बायको योगिनी तुळशीला पाणी घालायला गेली, तर तुळस बुडापर्यंत खाल्लेली. "अहो, इथं कुठली आली गुरं?"

फरशीवर खडूची पांढरी भुकटी होती.

मग कढीपत्ता गेला. मग दारावरचं आंब्याच्या पानांचं तोरण. आता चरण्याचा आवाजही येई. कर्र, कर्र. सावकाश, निवांत.

शनिवारी भरदुपारी प्रबोधचं डोकं फिरलं. घरातलं हिरवं पान न्‌ पान त्याने कचरा खाली टाकायच्या शूटमध्ये लोटलं आणि स्वयंपाकघरात उभा राहून तो ओरडला, "खा आता काय खायचं ते!"

आवाज थांबला.

आतल्या खोलीतून लेक तिच्या सिंगापुरी ढंगात खिदळली, "बाबा, माझे केस ओढू नको, लाह!"

कर्र, कर्र.