दहा पावलं पुढं

सारजाबाईचा नवरा कुंडलिक सोलापुरात गिरणीत लागला, त्याला तीन वर्षं झाली होती. गावी आला की तो शहराचंच कौतुक सांगत बसायचा, आणि सवतीवर असावा तसा सारजाबाईचा त्या शहरावर दात होता. यंदा ती हट्टानं आलीच. म्हणाली, "एवढं काय हाय तुमच्या सोलापुरात, मला बी दावा की."

सुट्टीच्या दिवशी त्यानं तिला भुईकोट किल्ला बघायला नेलं. गावात तो तिच्या दहा पावलं पुढं चालायचा. मागं वळून बघणं त्याला माहीतच नव्हतं. इथं मात्र तो दर दहा पावलांवर तिच्यासाठी थांबत होता. बुरुजाशी आल्यावर म्हणाला, "पायऱ्या उंच हायत. भिंतीला धरून सावकाश चढ." वर पोचताच त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं एक दगड झटकला. "बस हितं. जरा दम खा."

समोर तळं होतं, तळ्यात सिद्धेश्वराचं देऊळ होतं. सारजाबाईला त्यातलं काही दिसेना. डोक्यावर दोन घागरी घेऊन ती रोज नदीची दरड चढायची, तिला कसला दम लागतोय? हे तर त्यालाही ठाऊक होतं. मग बाईमाणसाला असं जपणं ह्याच्या अंगवळणी पडलं ते कुणापायी?

ती दगडावर बसली नाही. पदर सारखा केला आणि तळ्याकडं बघतच तिनं विचारलं,

"कितवा महिना लागलाय तिला?"