रहीमभाईंची प्लास्टिकची बाग

प्लास्टिकच्या शेवंतीला बादलीभर पाणी घालून अब्दुल रहीम दोन पावलं मागे सरले आणि कौतुकानं म्हणाले, "आज कशी टवटवीत दिसून राहिली, नाई?"

इफ्फतनं शेवंतीकडे पाहिलं. एका फुलाला अजून दुकानातली किमतीची चिठ्ठी लटकत होती.

"अब्बा, ती प्लास्टिकची आहे."

"मले माहीत नाई का? मीच आनली अकोल्यावरून." रहीमभाई गुडघा चोळत खाली वाकले. "प्लास्टिकची असली म्हनून काय तिले तहान नसते?"

 शाळेत मुलांना विज्ञान शिकवताना इफ्फतला असा प्रश्न कधी आला नव्हता.

त्या साली मूर्तिजापुरात पावसानं पाठ फिरवली होती. विहिरी आटल्या, कपाशी गुडघ्याएवढी होऊन थांबली, नळाचं तर नावच काढायला नको. सुबत्ता होती ती फक्त रहीमभाईंच्या गच्चीवर. कठड्याच्या बाहेरच्या अंगानं लोखंडी आकड्यांना सहा कुंड्या टांगलेल्या. शेवंती, गुलाब, मनीप्लांट, दोन जास्वंदी आणि शेवटी एक संत्र्याचं झाड. त्याला बारा महिने संत्री. एवढा भरवशाचा बहर अख्ख्या वऱ्हाडात दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

अम्मी गेल्यापासून अब्बा एकटेच होते. इफ्फत अमरावतीहून चार दिवसांसाठी आली होती. पहिल्या दिवशी ती हसली. दुसऱ्या दिवशी तिनं नीट पाहिलं. अब्बा दुखऱ्या गुडघ्यानं खालच्या बोअरवरून एकेक बादली जिन्यानं वर आणत, एकेका कुंडीत रिकामी करत, आणि स्वतः मात्र अर्ध्या बादलीत आंघोळ उरकत. तिचं हसू आटलं.

"ओ रहीमभाई!" खालून आवाज आला. शेजारच्या पार्वताबाईंचा. "डोक्यावर पडले का तुमी? सारं पानी माह्या आंगनात! म्हैस वली केली माही!"

"झाडं हायेत वहिनी! पानी तं लागनच!"

"झाडं म्हने! बकरीनं तोंड लावलं तं बकरी मरन, असे झाडं!"

रहीमभाईंचा चेहरा खुलला. शिव्या खाऊन इतका खूश झालेला माणूस इफ्फतनं पाहिला नव्हता.

"अब्बा, काकूंना त्रास होतो. आपण कुंड्या आतल्या बाजूला घेऊ." तिनं गुलाबाला हात घातला.

रहीमभाईंनी तिचं मनगट धरलं. "वीतभरही हलवू नको. झाडायले जागा बदललेली चालत नाई."

मग त्यांनी हललेली कुंडी पुन्हा नेमकी होती तशी केली. इफ्फतनं त्याच क्षणी ठरवलं. खाली जाऊन तिनं नवऱ्याला फोन लावला. "हसनैन, मागची खोली रिकामी करा. अब्बांना घेऊन येतेय. एकटं ठेवण्यासारखं नाही राहिलं."

मग ती वाटीभर खीर घेऊन शेजारी माफी मागायला गेली. पार्वताबाई पुढच्या ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. मुलगा कामाला पुण्याला गेल्यापासून त्या, ती म्हैस आणि कोरडी विहीर, एवढाच संसार.

"खीर वापस ने बाई," त्या वाटीकडे न बघता म्हणाल्या.

"काकू, रागावलात का?"

"राग कायचा? कोनाचं भांडं आलं तं मी रिकामं धाडत नाई. अन् भरून धाडाले घरात काई नाई. म्हनून कोनाचं काई घेतच नाई आता. तुह्या बापालेही सांगून देलं एकडाव."

इफ्फतनं वाटी मागे घेतली. "मी वेगळंच सांगायला आले होते. उद्यापासून तुमच्या अंगणात पाणी नाही पडणार. अब्बांना अमरावतीला नेतेय. त्यांचं डोकं... तुम्ही पाहताच आहात."

पार्वताबाईंच्या हातातली वात वळायची थांबली.

"कवा?"

"सकाळच्या एसटीनं."

"बरं झालं," पार्वताबाई म्हणाल्या. "रोजची कटकट गेली." पण त्या वातीला पीळ काही त्यांना पुन्हा घालता आला नाही. दुसरीच घेतली.

अब्बांनी वाद घातला नाही. मुकाट्यानं कपड्यांची बॅग भरू दिली. सकाळी फक्त एवढंच म्हणाले, "जाता जाता एकदा झाडायले पानी घालतो, बेटा."

आजाऱ्याची इच्छा पुरवावी तशी इफ्फतनं मान हलवली आणि त्यांच्यामागून गच्चीवर गेली. शेवंती झाली, गुलाब झाला, मनीप्लांट झाला, जास्वंदी झाल्या. संत्र्याची बादली उचलून रहीमभाई थबकले. खालून शिव्या नाहीत. हाक नाही. म्हशीच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजत होती.

"आज ओरडली नाई," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

प्लास्टिकची पानं इतकी दाट होती की गच्चीवरून खालचं अंगण दिसत नसे. इफ्फतनं ती बाजूला सारली आणि कठड्यावरून वाकून पाहिलं.

प्रत्येक कुंडीच्या बरोब्बर खाली एकेक भांडं मांडलेलं होतं. हंडा, पातेलं, तपेली, बादली, म्हशीचं घमेलं. पाचही काठोकाठ भरलेली. सहाव्या, कोरड्या घागरीशेजारी पार्वताबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

इफ्फतनं अब्बांच्या हातातली बादली घेतली, संत्र्याच्या झाडावर पालथी केली आणि खाली ओरडली, "काकू, हे झाड पार सुकून राहिलं! उद्यापासून याले दोन बादल्या लागतीन!"