हातवळण

“नवाकोरा गिझर आणि आठवड्यातच गळायला लागला!” आजी बादली सरकवत म्हणाल्या. प्लंबरने पाना लावून पाइपाची जोडणी उघडली आणि तो जागीच थबकला. आट्यांवरची पांढरी टेप उलटी गुंडाळलेली होती. ‘अरे, अशाने आवळताना सुटते ती,’ असं तो आपल्या डावखुऱ्या धाकट्या भावाला हात धरून शिकवताना सांगून थकला होता. “कोणी बसवला हा?” “होता एक डावखुरा. मी तुम्हालाच बोलावणार होते, तर म्हणाला, ‘त्यांचे हात हल्ली थरथरतात, त्यांना काम जमत नाही.’ आता मेला फोनच उचलत नाही!”  जुनी टेप खरवडून प्लंबरने नवी सुलट गुंडाळली आणि जोडणी आवळली. गळती थांबली. “अगंबाई, तुमचे हात तर अगदी स्थिर!” आजी कौतुकाने म्हणाल्या. पिशवीत ठेवताना पाना मात्र त्याच्या हातातून निसटला.