ओला दुपट्टा

“कूलर लावला का खिडकी उघडी ठेवत जा वं, मोनाली. कोंडलेल्या खोलीत घाम वाळत नाही. माणूस बसल्या जागी शिजते.”

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिची सासू पंचफुला म्हणाली होती. मोनालीनं हसून खिडकी लावून घेतली होती. गार हवा बाहेर कशाला घालवायची?

आता ती नागपूरबाहेर, मौद्याच्या रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. कडेवर पोरगी, हातात नवऱ्याचा डबा. समोरच्या बंद केबिनच्या जाड काचेपलीकडे तिचा नवरा प्रशिक बसला होता. त्याच्या डोक्याला ओला दुपट्टा होता, आणि काचेला आतून पाण्याचे ओघळ लागले होते.

केबिन टेम्पोएवढी होती, चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळलेली. दूरच्या अंतराळप्रवासासाठी तिची चाचणी चालू होती. अवकाशात वारा नाही. माणसाची, यंत्रांची उष्णता थर्मासमधल्या चहासारखी आतच राहते. नळ्यांमधलं थंड पाणी ती बाहेर वाहून नेतं. आज मुद्दाम पंप मंद केला होता. आतला माणूस किती तग धरतो, ते पाहायचं होतं.

“ऋषिकेशभाऊ, उघडा ते.”

“काहून?” प्रशिकचा कॉलेजातला दोस्त ऋषिकेश चाचणीचा प्रमुख होता. त्यानं माइकचं बटण दाबलं. “काय बे प्रशिक, जिवंत आहेस का?”

“मस्त आहे बे,” स्पीकरमधून आवाज आला.

“ऐका. भट्टीत तर आपणच उभे आहो, वहिनी.”

मोनालीनं माइक ओढून घेतला. “प्रशिक, मी बोलून राहिली. सकाळी पोरीले काय भरवलं तुम्ही?”

खरखर. मग तोच आवाज. “मस्त आहे बे.”

ऋषिकेशचं हसू जागच्या जागी थांबलं.

“दुपट्टा कोणी बांधायले लावला?”

“मीच. गरम होऊन राहिलं म्हणे, तर म्हटलं पिण्याच्या पाण्यात भिजव अन् बांध. मे महिन्यात सारं नागपूर हेच करते.”

“नागपुरात तो वाळते! आतली वाफ जाईल कुठं? घाम वाळेल कसा त्याचा?”

ऋषिकेशनं आतला दमटपणा दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं. काटा टोकाला टेकला होता.

“थोडाच वेळ राहिला,” तो हळू म्हणाला. “मधात उघडलं तर सारं पहिल्यापासून. उद्या हे पाहायले पाहुणे येऊन राहिले.”

तेवढ्यात आतून धप्प आवाज झाला. प्रशिक काचेवर डोकं आपटत होता. पुन्हा. पुन्हा त्याच जागी. ओघळांत लाल रंग उतरला.

मोनालीनं पोरगी चौकीदार भैय्याजींच्या हातात कोंबली आणि बाकावरचा लोखंडी पाना उचलला. दाराचा पहिला बोल्ट निघाला. दुसऱ्यावर पाना लावताना ऋषिकेशनं तिचं मनगट धरलं.

“वहिनी, अक्कल आहे का तुमाले!”

तिनं मनगट हिसडून सोडवलं आणि पाना त्याच्यावर फिरवला. त्याच्या कानशिलावर तो नारळ फुटावा तसा वाजला. ऋषिकेश खाली बसला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. उरलेले बोल्ट काढले.

दार उघडताच कुकरचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. वाफेमागून प्रशिक आला आणि त्यानं तिचा गळा धरला. तव्यासारखे तापलेले हात. त्यानं तिला केबिनवर आपटलं. तिचा एक दात तुटला. त्याचे डोळे उघडे होते, पण ती त्यांत कुठंच नव्हती.

भैय्याजींनी पोरगी कूलरजवळच्या खाटेवर टाकून त्याला मागून कवेत घेतलं. प्रशिकनं त्यांच्या दंडाचा लचका तोडला. मग तो खाली कोसळला.

“कूलरसमोर ओढा!” मोनाली रक्त थुंकत ओरडली. कूलरच्या टाकीतलं पाणी तिनं बादलीनं उपसलं आणि त्याच्यावर ओतत राहिली. भोवती कोरडी हवा भणाणत होती.

मग पोरीसकट त्याला शेडच्या व्हॅनमध्ये घातलं. स्टिअरिंगवरून भैय्याजींनी हाक मारली. “चला साहेब.”

ऋषिकेश केबिनला टेकून बसला होता, तळहात कानावर. “मी ठीक आहे. तुमी निघा.”

ते निघाले.

दवाखान्यात प्रशिकचे हात पलंगाला बांधले होते, काखेत बर्फ होता. बऱ्याच वेळानं त्यानं ओठ हलवले.

“पोट्टीनं सकाळी पोहे थुंकून टाकले वं. आता काही खाल्लं का तिनं?”

मोनाली भिंतीला पाठ घासत खाली बसली. तिथं, फरशीवर, तिला आठवलं: ऋषिकेशच्या बोटांमधून येणारं रक्त कानाच्या आतून येत होतं. मार आत, डोक्यात लागला होता.

तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. भैय्याजी टाके घालून घेत होते. शेडवर दुसरं कोणी नव्हतं.

मौद्याच्या रस्त्यावर निळ्या फाटकाची शेड आहे. तुमच्यापैकी कोणी जवळपास असेल तर जरा जाऊन या. फाटकातून हाक मारून, ‘ठीक आहे’ ऐकून परत फिरू नका. आत जा, आणि त्याला हात लावून पाहा.