एकमतानं मंजूर झालेला पूल

"लंडनच्या साहेबांना यॉर्कशरच्या नद्या काय कळणार?" असं म्हणता म्हणता नोरा थ्वेट म्हाताऱ्या झाल्या. यंदा मात्र लंडननं पैसा मोकळा केला आणि सांगितलं, पूल एकच होईल. कुठं बांधायचा ते तुम्ही पाच गावांनी मिळून ठरवा.

बैठकीत नोरांसह चार गावांच्या चार पुढाऱ्यांनी आपापल्या गावाला मत दिलं. सकाळचा चहा झाला, दुपारची सँडविचेस झाली, तरी कुणी मागं हटेना. त्यांच्यातले क्लाइव्ह ऑग्डेन टेबलावर हात आपटून म्हणाले, "नोराबाई, पूल तुमच्या गावाला जाण्यापेक्षा मी जन्मभर पोहत जाईन!"

"जा की! अडवलंय कुणी?"

पण रिकाम्या हातानं गावात तोंड कसं दाखवायचं, हा घोर नोरांनाही होताच. तेवढ्यात त्यांची नजर पाचव्या, रिकाम्या खुर्चीवर गेली.

"स्केल्बीचे अर्नेस्ट आलेच नाहीत. त्यांनाच देऊन टाकू. निदान आपल्यातलं कुणी जिंकलं, असं तरी होणार नाही."

चारही हात एकदम वर गेले. क्लाइव्हनी तर टाळ्यासुद्धा वाजवल्या.

नोरांनी लगेच फोन लावला. त्या काही बोलायच्या आतच अर्नेस्ट गयावया करू लागले, "रागावू नका बाई, सकाळपासून काठावर उभा आहे. नदी चढलीय, पलीकडे येताच येईना!"



"बरं झालं," नोरा म्हणाल्या. "आला असतात, तर पूल मिळाला नसता."