कारण : धूळ

तक्रार

पेटते आणि विझते.

जयप्रकाशने कार्डावर एवढंच लिहिलं आणि भट्टीपुढे मांडी घातली. पॅसेजच्या भिंतीला लागून उभी असलेली कपाटाएवढी लोखंडी पेटी, गॅसवर चालणारी. तिची ऊब पत्र्याच्या नळांतून तिन्ही खोल्यांत जायची. ओमानमधल्या सैकच्या डोंगरावर जानेवारीत बादलीतलं पाणी गोठतं, आणि मधल्या खोलीत अकरा दिवसांचं मूल होतं.

घरमालक शरीफ त्याच्या डोक्यावर उभा होता.

"मगरिब की नमाज तक चालू, तो ठीक. नहीं तो यल्ला, चलो, कुबरा और बच्चा नीचे निझवा. उसकी माँ का घर. चालीस दिन."

शरीफची बायको कुबरा बाळंतपणाला माहेरी गेली नव्हती, ती या भट्टीच्या भरवशावर. हे जयप्रकाशला कुणी सांगायला नको होतं. शरीफचा फोन दर अर्ध्या तासाने वाजत होता आणि पलीकडून सासूबाई गाडी कधी निघते ते विचारत होत्या. शरीफची आई सफिया मधल्या खोलीच्या दारात बसून होती. फोन वाजला की तेवढी मान वर करायची.

देवरुखला जयप्रकाशची आई अशीच उंबऱ्यात बसली होती, सुनेची बॅग भरली जात होती तेव्हा.

तपासलं

सिलिंडर, भरलेला. वायर, ठीक. अर्थिंग, ठीक. रेग्युलेटर?

त्याने निझव्याच्या वर्कशॉपमध्ये मॅक्सवेलला फोन लावला. मॅक्सवेल वसईचा, वयाने मोठा, आणि आपलं निदान चुकतं यावर त्याचा विश्वास नव्हता.

"थंडीने रेग्युलेटर गारठलाय, जेपी. गरम पाणी ओत."

"दोन किटल्या ओतल्या. आता पत्ती टाकली की चहा होईल."

"मग पेटत का नाही?"

"पेटते रे. चांगली निळी पेटते. चार आकडे मोजेपर्यंत जळते नि जाते."

"मग तुझं तोंड बघून जात असेल. काडी बघ, काडी."

काडी म्हणजे ज्योतीत उभी असलेली बारीक धातूची सळई. ज्योत लागली की ती आत कळवते, आग आहे, गॅस चालू ठेवा. तिच्यावर पुट चढलं की तिला समोरची आगही कळत नाही, आणि भट्टी आपणहून गॅस बंद करते.

जयप्रकाशने एक स्क्रू काढला आणि काडी बाहेर ओढली. वरून पांढुरकी, खाली चिकट तपकिरी. त्याने पॉलिश पेपरने घासली. दोनदा, तीनदा.

वास आला.

गोड. उग्र. ओळखीचा.

त्याने पेपर नाकाशी धरला. मग खाली पाहिलं. भट्टी जिथून हवा ओढते त्या जाळीच्या बरोबर खाली, फरशीवर, मातीचं धूपपात्र होतं. जाळीच्या पट्ट्या तेवढ्याच जागी काळ्या झाल्या होत्या.

लुबान. बाळाला दृष्ट लागू नये, बाळंतिणीच्या खोलीत वाईट काही शिरू नये, म्हणून चाळीस दिवस जाळायचा. आणि म्हातारीने युक्ती काढली होती. तीन खोल्यांत तीन वेळा पात्र फिरवायचं कशाला? जाळीखाली ठेवलं की भट्टीच धूर सगळीकडे नेते, बाळाच्या पाळण्यापर्यंत.

सफिया उठून आली होती. पेपर अजून त्याच्या हातात होता. तिने तो घेतला, हुंगला, परत दिला.

त्याला अरबी कामापुरती येत होती, आणि हे कामाचं नव्हतं.

त्याने आधी जाळीकडे पाहिलं, मग पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, बाहेरच्या दाराकडे. सफियाने पात्र उचललं. आतला निखारा तिने बोटांनीच चिमटीत धरून सारखा केला, जन्मभर केल्यासारखा, आणि पात्र दारापाशी नेऊन ठेवलं.

दुरुस्ती

काडी जागेवर. स्क्रू. बटण.

पंखा फिरला. टक्. निळी ज्योत लागली.

एक. दोन. तीन. चार.

शरीफ वाकून बघत होता.

पाच. सहा.

जयप्रकाशने बारापर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. मधल्या खोलीतला पडदा नळाच्या तोंडापाशी हलायला लागला.

कारण

"क्या था?" शरीफने विचारलं.

पेन रकान्यावर थांबलं. सफिया दारापाशी होती, पाठमोरी. तिला हिंदी येत नव्हती. पण काय विचारलं ते कळल्यासारखी ती वळली नाही.

"धूल," जयप्रकाश म्हणाला आणि तसंच लिहिलं.

"धूल? इधर पहाड़ में? मैं रोज झाड़ू लगवाता है."

"बारीक धूल, अर्बाब. झाड़ू में नहीं आती."

शरीफचा फोन वाजला. तो बोलत बोलत अंगणात गेला. "ला, ला," नाही, नाही असं ऐकू आलं, "खलास, चालू झालीय, कुठे जात नाही आम्ही," असं काहीतरी. तेवढ्यात मशिदीतून मगरिबची बांग झाली आणि तो तसाच नमाजाला निघून गेला.

ग्राहकाची सही

मालक नाही. जयप्रकाशने कार्ड सफियापुढे धरलं, पेन दिलं. तिने पेन घेतलं नाही. निखाऱ्याने काळा झालेला अंगठा तिने कार्डावर टेकवला.

सहीची जागा खाली होती, त्याने बोट ठेवून दाखवली होती. अंगठा वरच्या रकान्यात उमटला, 'धूळ' या शब्दावर, पुसट नाही, चांगला दाबून.