कोरे शनिवार

मंगळवारी तुंगार्लीहून बाबांचा फोन आला. “अपू, शनिवारी तुला काम असतंच. आपली कॅलेंडरं जोडून दे, मोकळी असलीस की दिसेल.” “तुमचा फोन एका कंपनीचा, माझा दुसरीचा. नाही जमत, बाबा.” बुधवारी ते गेले. दहाव्याचं कळवायला त्यांच्याकडचे नंबर हवे होते, म्हणून धाकटा भाऊ दोन्ही फोन जोडायला बसला. “फक्त नंबर घे, कॅलेंडर नको,” मी घाईने म्हणाले. “ताई, सगळं एकदमच येतं. दोन मिनिटांचं काम.” पडद्यावर माझ्या प्रत्येक कोऱ्या शनिवारावर बाबांची एकच नोंद उतरत गेली: ‘अपू आली तर घारगे करणे.’ भावाने मान वर केली. “शनिवारी तुला काम असायचं ना?” मी बाबांच्या फोनलाच म्हणाले, “बाबा, जोडता येत होतं. आई नसलेल्या घरात यायची मला भीती वाटायची.”